पाणसळीच्या टोकाखालची खपली

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे. हातभर लांबीची लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना पितळेची टोपणे आणि मधोमध काचेची एक आखूड नळी, एवढाच माझा देह. त्या नळीत पिवळसर द्रव असून त्यात हवेचा एक बुडबुडा वास करतो. मला जमिनीवर ठेवले असता जमीन सपाट असेल तर तो बुडबुडा नळीवरील दोन काळ्या रेघांच्या मध्ये स्थिर उभा राहतो. जमीन कलती असेल तर तो उंच बाजूकडे पळतो. याखेरीज मला दुसरी विद्या अवगत नाही. मी कोणाची स्तुती करत नाही, कोणाची निंदाही करत नाही. जे आहे ते आहे, इतकेच मी सांगते. आणि तरीही माझ्या मुखातून एकदा असत्य वदवण्यात आले. ती हकिकत आज मी तुमच्यापुढे निवेदन करणार आहे.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला घडवले त्याला बोलण्याचा कंटाळा होता, परंतु तपासण्याचा नव्हता. त्याने माझे लाकूड तीन उन्हाळे माळ्यावर वाळत ठेवले होते. नळी बसवल्यावर त्याने मला एका घासलेल्या दगडावर ठेवून इतक्या वेळा पाहिले, की आतून त्याची पत्नी ओरडली, "अहो, विकायची आहे ना ती? की मांडीवर घेऊन बसायचंय?" त्याने नळीच्या कडेला सुईच्या टोकाएवढे मेण लावले, पुन्हा पाहिले, आणि मगच मला कागदात गुंडाळले.

मला विकत घेतले ते एका तरुण मिस्त्रीने. त्याच्या ओठांवर नुकतीच मिसरूड फुटली होती, आणि त्याच्या पिशवीत तोवर थापी, हातोडी आणि दोरीचे एक रीळ एवढेच होते. पुढे हाच तरुण पंचक्रोशीत 'मिस्त्रीकाका' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांच्या हातात मी छत्तीस वर्षे काढली. किती ओटे, किती पायऱ्या, किती न्हाणीघरे मी पाहिली याची गणती नाही. काम संपले की ते मला ओल्या फडक्याने पुसत, मग कोरड्या फडक्याने पुसत, आणि आपल्या जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत सर्वांत वर ठेवत. घरी गेल्यावरही त्यांना चैन पडत नसे. पत्नीने नवे फडताळ घेतले तर त्यावर मी. पलंगाची जागा बदलली तर त्यावर मी. एकदा त्या माउलीने कंबरेवर हात ठेवून म्हटले, "आता माझ्या डोक्यावर ठेवून बघा. या घरात मीच तेवढी सरळ आहे." मिस्त्रीकाका हसत हसत खरोखरच मला घेऊन उठले, तेव्हा ती स्वयंपाकघरात पळाली.

असे माझे वैभवाचे दिवस होते.

त्या दिवसांतील एका घराविषयी सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व घडामोड त्याच घरात घडली. दोन खोल्यांचे बैठे घर, दाराबाहेर दोन उंच पायऱ्या, आणि त्यापुढे लगेच रस्ता. घराच्या मालकांनी पुढच्या खोलीत दगडी फरशी बसवण्यासाठी मिस्त्रीकाकांना बोलावले. काकांनी माती भरली, पाणी मारले, आणि मग धुम्मस उचलला. धुम्मस म्हणजे लांब दांड्याला लावलेला लोखंडी ठोकळा. त्याने भराव ठोकून ठोकून घट्ट करतात. काका दोन दिवस नुसते ठोकतच राहिले. मालक वैतागले. "मिस्त्री, फरशी बसवणार आहात, की नुसती जमीन बडवणार?"

"साहेब, आत्ता ठोकली नाही तर ही पोटात जागा ठेवील, आणि नंतर तुमचा पाय खाली जाईल," काका म्हणाले आणि पुन्हा ठोकू लागले.

त्या घरी मालकांची सून नुकतीच आली होती. ती दारातून हे सर्व बारकाईने पाहत असे. काका तिला 'सूनबाई' म्हणत. ती फरशी एकतीस वर्षे टिकली. एकही दगड हलला नाही.

मित्रांनो, काळ कोणासाठी थांबत नाही. मिस्त्रीकाकांचे गुडघे गेले. उकिडवे बसले की उठवेना, उठले की बसवेना. त्यांना मूलबाळ नव्हते. धाकट्या भावाचा मुलगा त्यांनीच लहानपणापासून सांभाळला होता आणि कामही शिकवले होते. एके दिवशी त्यांनी सर्व हत्यारे त्याच्या स्वाधीन केली. मला देताना मात्र त्यांचा हात क्षणभर रेंगाळला.

पुतण्या हाताने चलाख होता, हे मी मान्य करते. त्याची थापी काकांच्या थापीपेक्षा वेगाने चाले. परंतु त्याला थांबणे ठाऊक नव्हते. एक काम चालू असताना दुसरीकडे शब्द दिलेला असे, आणि दोन्हीकडून बोलावणी येत. माझी गरज त्याला वाटत नसे. "माझी नजर हीच लेव्हल," असे तो म्हणे. काकांचा टॉवेल हात पुसण्यात फाटून गेला. मी पिशवीच्या तळाशी हातोडीखाली पडून राहिले. माझ्या पितळेवर हिरवट पुटे चढली, लाकडावर सिमेंटचे थेंब वाळून घट्ट झाले. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा मी उजेड पाहत असे. एवढे असूनही माझा बुडबुडा जिथल्या तिथे होता. अवहेलना झाली म्हणून मी आपला धर्म सोडला नाही.

मग एके दिवशी पुतण्या मला घेऊन त्या दोन पायऱ्यांच्या घरी गेला.

मालक आणि मालकीण आता हयात नव्हते. जी सून दारातून पाहत उभी राहत असे, ती आता डोक्यावर चांदी असलेली 'ताई' झाली होती. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचे शिवणयंत्र होते आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांतील कपडे ती शिवत असे. तिचे पती, ज्यांना सारेजण 'भाऊ' म्हणत, ते बसचे चालक होते. एका दीर्घ आजारात त्यांच्या पायांतील बळ गेले आणि डावा हातही दुबळा झाला. आता ते चाकांच्या खुर्चीत बसत. खुर्ची कोणीतरी वापरून दिलेली होती. तिचा उजवा ब्रेक लागे. डावा लावण्याइतके बळ भाऊंच्या हातात नव्हते.

जुन्या दगडी फरशीचे सांधे रुंद होते. काकांच्या काळी ती रीतच होती. परंतु खुर्चीची पुढची लहान चाके त्या सांध्यांत अडकत. पलंगापासून खिडकीपर्यंत दहा पावलांचे अंतर, पण तेवढ्यात भाऊंचा जीव मेटाकुटीला येई. ताईला शिवण सोडून उठावे लागे आणि खुर्ची ढकलावी लागे. म्हणून दोघांनी ठरवले की जुनी फरशी काढून गुळगुळीत नवी बसवायची. सुताराला बोलावून त्यांनी दाराचा उंबरठाही आधीच दोन बोटे तासून घेतला होता, जेणेकरून खुर्ची दारातून सहज बाहेर काढता यावी.

भाऊ पुतण्याला म्हणाले, "हे बघ मिस्त्री, मला फार काही नको. सकाळी उठावं, आपलं आपण खिडकीशी जावं, हिच्याशी चार शब्द भांडावं आणि आपलं आपण परत यावं. कोणाला हाक मारायला लागू नये. झालं."

"भाऊ, नुसतं बोट लावलंत तरी पळेल खुर्ची," पुतण्या म्हणाला.

हे शब्द पुढे कसे खरे ठरले ते आपण पाहूच.

पुतण्याने पहिल्याच दिवशी जुने दगड उखडले. दुसऱ्या दिवशी त्याने तोच तुटका चुना, दगडांचे तुकडे आणि ओली माती खड्ड्यांत परत लोटली व पायाने दाबली. ताई शिवणयंत्रावरून पाहत होती.

"धुम्मस नाही आणला?" तिने विचारले.

"आता कोण वापरतं ते ताई? सिमेंटचं युग आहे."

"मिस्त्रीकाकांनी दोन दिवस ठोकलं होतं. मी बघितलंय."

"काकांच्या काळी वेळ स्वस्त होता," पुतण्या हसून म्हणाला. "ताई, तुम्ही शिवणीचं बघा, मी जमिनीचं बघतो. मी येतो का तुम्हाला सांगायला, काजं कुठं करायची ते?"

ताईने शिवणयंत्राचे चाक पुन्हा फिरवले. परंतु तिचे लक्ष हटले नाही. तिसऱ्या दिवशी फरशी बसू लागली तेव्हा तिने पाहिले की पुतण्या प्रत्येक फरशीखाली सिमेंट-वाळूचा माल सगळीकडे पसरत नाही. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे गोळे टाकतो आणि वरून फरशी दाबतो. म्हणजे गोळ्यांच्या मध्ये खाली पोकळीच राहते. तिने बसवलेल्या एका फरशीवर कात्रीच्या मुठीने टकटक केले. आवाज डबा वाजवल्यासारखा आला.

"हे पोकळ वाजतंय मिस्त्री."

"ओलं आहे अजून. वाळल्यावर बोलेल नीट."

मित्रांनो, पिशवीच्या तळाशी पडल्या पडल्या तिच्या उघड्या तोंडातून हे सर्व मी पाहत होते. परंतु याहून मोठी चूक पहिल्याच सकाळी होऊन गेली होती आणि ती पुतण्याच्याही ध्यानात आली नव्हती. फरशीची पातळी दाराच्या उंबरठ्यावरून धरतात, म्हणजे दार अडत नाही. ही मिस्त्रीलोकांची पद्धत आहे. काकांनीही एकतीस वर्षांपूर्वी तशीच धरली होती. पुतण्याने मागच्या भिंतीवर काकांची जुनी खूण शोधली, तिथे दोरी बांधली, आणि दोरीचे दुसरे टोक उंबरठ्याला बांधले. पण उंबरठा आता पूर्वीचा नव्हता. सुताराने तो भाऊंसाठी दोन बोटे तासला होता. दोरी मागच्या भिंतीकडून दाराकडे उतरत आली, आणि दोरीबरोबर सारी फरशी.

एकदा मला जमिनीवर ठेवले असते तरी कळले असते. पण मी हातोडीखाली होते.

चौथ्या दिवशी दुपारी बादलीतले पाणी सांडले आणि ते सरळ रेषेत दाराकडे धावत गेले. पुतण्या त्या पाण्याकडे पाहत उभा राहिला. ताई आत चहा टाकत होती, भाऊ पलंगावर डोळे मिटून पडले होते. पुतण्याने पिशवी उपसली आणि मला बाहेर काढले. किती दिवसांनी! त्याने मला फरशीवर ठेवले आणि माझा बुडबुडा मागच्या भिंतीकडे सरकला. मी जे होते ते सांगितले. त्याचा चेहरा उतरला. अर्ध्याहून अधिक खोली झाली होती. सगळे उखडायचे म्हणजे चार दिवस वाया, आणि पलीकडच्या कामावरून दोनदा माणूस येऊन गेला होता.

त्या क्षणी मला त्याची दया आली. मला वाटले, आता हा दोरी सोडील. काकांनी एकदा एका न्हाणीघराची पूर्ण भिंत याहून लहान चुकीसाठी पाडली होती, आणि पाडताना गाणे म्हटले होते.

पुतण्याने दोरी सोडली नाही. उरलेली फरशी त्याने तशीच बसवून टाकली. सांधे भरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने ताईला आणि भाऊंना बोलावले. पण त्याआधी त्याने फरशीची एक लहानशी खपली उचलून माझ्या दाराकडच्या टोकाखाली सरकवली आणि त्यावर आपला अंगठा ठेवला, जणू मला धरून बसला आहे. माझे एक टोक उचलले गेले आणि बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"बघा ताई. शंका होती ना तुम्हाला? बघा. मधोमध."

ताई वाकली. तिने डोळे बारीक करून पाहिले. "ही काकांची का?"

"काकांचीच. छत्तीस वर्षं वापरली त्यांनी. ही खोटं बोलेल का?"

ताईच्या चेहऱ्यावरची आठी सुटली. "नाही हो. हिला ओळखते मी," ती म्हणाली, आणि तिने पदराच्या टोकाने माझ्या काचेवरची धूळ पुसली.

मित्रांनो, मला जीभ असती तर मी किंचाळले असते. माझी नळी फुटली असती तरी मला चालले असते. छत्तीस वर्षांच्या सचोटीने जो विश्वास मी मिळवला, तोच विश्वास त्याने त्या भाबड्या बाईच्या डोळ्यांवर फडक्यासारखा बांधला.

पुढचे पंधरा दिवस मी दुसऱ्या कामावर पिशवीत होते. ताईचे बोलावणे पुतण्याला तीनदा आले. तिसऱ्या खेपेस तो गेला.

त्याने खोलीत पाऊल टाकताच मला पालट जाणवला. दाराजवळच्या फरशा खाली बसल्या होत्या. दोन ठिकाणी कोपरे उचलले होते. आणि भाऊंची खुर्ची पलंगाच्या पायाला कापडाच्या एका जाड पट्टीने बांधलेली होती.

"हे काय?" पुतण्याने विचारले.

"म्हैस बांधलीये," भाऊ म्हणाले. "चारा घालशील?"

ताईला हसू आले नाही. "परवा मी आत होते. यांनी खिडकीकडे जायला ब्रेक काढला आणि खुर्ची स्वतःच दाराकडे निघाली. दार उघडं. पुढं पायऱ्या. यांनी पडदा धरला म्हणून वाचले. पडदा दांडीसकट खाली आला. आता मी कपडे द्यायला बाहेर गेले की यांना बांधून जाते. बांधून! ऐकलंत का मिस्त्री?"

"चाक वाकडं असेल ताई खुर्चीचं."

"अरे बाबा," भाऊ म्हणाले, "सव्वीस वर्षं बस चालवली मी. गाडी न्यूट्रलला टाकली की रस्ता कुठं उतरतो ते चालकाच्या बुडाला कळतं. मला सांगू नकोस."

पुतण्याने इकडे तिकडे पाहिले. त्याने मला पिशवीतून काढले, पण जमिनीवर ठेवले नाही. मला खिडकीच्या कट्ट्यावर आपटले आणि म्हणाला, "मग हिचंच काहीतरी चुकलं असणार. म्हातारी झाली ही. काकांची म्हणून मी विश्वास ठेवला. मी काय करू? ठेवा तुम्हीच." आणि तो निघून गेला.

पाहा मित्रांनो! आधी त्याने माझ्या तोंडी खोटे घातले आणि मग त्या खोट्याचा आळही माझ्यावरच टाकला.

मी आठ दिवस त्या कट्ट्यावर होते. ताई कपडे द्यायला निघताना खाली वाकून पट्टीला गाठ मारी, आणि भाऊ त्या वेळी खिडकीबाहेर पाहत. गाठ मारणारी पाहत नसे, बांधला जाणाराही पाहत नसे. गुळगुळीत फरशी झाली आणि माणूस जनावरासारखा खुंट्याला आला. एकदा ताई गेल्यावर भाऊंनी उजव्या हाताने ती गाठ सोडण्याचा प्रयत्न केला. मग हात मागे घेतला आणि बराच वेळ ते नव्या फरशीकडे पाहत राहिले. ती चकाकत होती.

अखेर ताईने मिस्त्रीकाकांना निरोप धाडला.

ते आले. काठी टेकत, पायऱ्यांवर दोनदा थांबत. मागे पुतण्या होता. काकांचा आवाज ऐकून माझ्या लाकडाच्या रेषारेषांत आनंद भरला. मला वाटले, आता न्याय होणार. या जगात एक मनुष्य असा आहे की जो मला ओळखतो.

काठीने काकांनी चार फरशा वाजवल्या. मग मोठ्या कष्टाने ते जमिनीवर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. ताईने मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी नखाने माझ्यावरचे सिमेंटचे थेंब खरवडले, शर्टाच्या बाहीने नळी पुसली, आणि मला फरशीवर ठेवले. बुडबुडा मागच्या भिंतीकडे गेला. त्यांनी मला उचलले, माझी टोके फिरवली, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे केले, आणि त्याच जागी पुन्हा ठेवले. बुडबुडा पुन्हा मागच्या भिंतीकडेच गेला. काका कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत होते. पुतण्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

मग मिस्त्रीकाका बोलले. माझ्याकडे न पाहता बोलले.

"जुनी झाली हो ही, सूनबाई. नळी सरकली असणार हिची. पोराचा दोष नाही."

मित्रांनो, पुतण्याने मला फसवले तेव्हा मला क्रोध आला होता. परंतु या वेळी क्रोध आला नाही. मला फक्त थंडी वाजल्यासारखे झाले. ज्या हातांनी मला छत्तीस वर्षे पुसले, त्याच हातांत मी त्या क्षणी होते.

ताई शिवणयंत्राजवळून उठली आणि काकांच्या समोर येऊन जमिनीवर बसली.

"काका, तुम्ही हिला फिरवून का ठेवलंत?"

"सवय आहे."

"मी पण शिवण उलटून बघते," ताई हळूच म्हणाली. "वरून सगळीच छान दिसते. तुम्ही हिला फिरवलंत. हिची नळी सरकलेली असती तर फिरवल्यावर बुडबुडा दाराकडे गेला असता. तो दोन्ही वेळा त्याच भिंतीकडे गेला. मी बघत होते. ही नाही बिघडली काका. ही खरं बोलतेय."

"चला काका, उशीर होतोय," पुतण्या म्हणाला.

काका उठले नाहीत. त्यांचे हात मांडीवर पडले होते. "सूनबाई," ते म्हणाले, "पोराला अजून धंदा करायचाय. गावात बोभाटा झाला तर कोण बोलावील त्याला?"

पलंगाजवळून भाऊंचा आवाज आला. "काका, मलाही अजून जगायचंय."

काकांनी वर पाहिले. खुर्चीच्या पायाशी असलेली ती कापडी पट्टी त्यांना तेव्हाच दिसली असावी. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग काठीला धरून उठले आणि पायऱ्या उतरून गेले. पुतण्याही गेला. तो त्यानंतर त्या घरी कधीच आला नाही.

ताईने मला शिवणयंत्राच्या बाजूला एका खिळ्यावर टांगले.

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजले. मिस्त्रीकाका एकटेच होते. खांद्यावरच्या पोत्यात हातोडी, छिन्नी आणि धुम्मसाचा ठोकळा होता. त्यांनी दारातच सांगितले, "सगळी खोली माझ्याच्याने होणार नाही सूनबाई. पलंगापासून खिडकीपर्यंत करतो. खुर्ची जाईल एवढीच."

ताईने दार पूर्ण उघडले.

त्यांना अकरा दिवस लागले. चार फरशा उखडल्या की ते भिंतीला टेकून बसत. ताईने त्यांच्यासाठी एक उशी शिवली. गुडघ्याखाली ती घेऊन ते काम करत. दांडा हातात पेलवत नसे, म्हणून ते बसून दोन्ही हातांनी ठोकळा उचलत आणि खाली सोडत. पोकळ भराव त्यांनी उपसला, कोरडी माती भरली, ठोकली, पाणी मारले, पुन्हा ठोकली. माल त्यांनी फरशीखाली काठोकाठ पसरला. भाऊ पलंगावरून पाहत आणि बोलत राहत.

"काका, सव्वीस वर्षं सगळ्यांच्या रस्त्यावर गाडी चालवली. आता माझा स्वतःचा रस्ता होतोय. टोल घेऊ का हिच्याकडून?"

"घे की," काका म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या ओठांवर हसू उमटले.

परंतु मित्रांनो, माझ्या मनाला जे लागले ते हे, की या अकरा दिवसांत त्यांनी एकदाही मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. पातळी पाहण्यासाठी त्यांनी प्लास्टिकची पारदर्शक नळी आणली होती. तिच्यात पाणी भरायचे, एक टोक इथे, एक टोक तिथे धरायचे. जिथे दोन्हीकडे पाणी सारखे, ती पातळी. एका माणसाला ते जमत नाही. म्हणून ताई शिवण सोडून दुसरे टोक धरायला येई. एकदा तिचा हात अवघडला आणि ती म्हणाली, "काका, ही घ्या ना. खिळ्यावरच आहे. हिचं तर काही चुकलेलं नाही."

"म्हणूनच नको," काका म्हणाले.

बाराव्या दिवशी ते आले नाहीत. काम झाले होते. पलंगापासून खिडकीपर्यंत एक पट्टा, दीड खुर्ची रुंद, सपाट, घट्ट. ताईने त्यावर कात्रीच्या मुठीने ठिकठिकाणी टकटक केले. कुठेही डबा वाजला नाही. मग भाऊंनी उजव्या हाताने चाक लोटले. ते खिडकीशी गेले, ब्रेक न लावता तिथे थांबले, आणि खुर्ची तिथेच राहिली. ताई शिवत होती. "तुझा धागा वाकडा चाललाय," भाऊ म्हणाले. "तुमचं डोकं," ताई म्हणाली. ती मान खाली घालून शिवत राहिली, पण यंत्राचे चाक बराच वेळ फिरले नाही.

उरलेली खोली अजून तशीच आहे. तिथे फरशा रोज थोड्या अधिक खचतात. पट्ट्याच्या कडेला ताईने पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आहे, म्हणजे खुर्ची चुकून उतारावर जाऊ नये. आणि मी ऐकले आहे की पुतण्या नव्या कामांवर अजूनही सांगतो, त्या घरी काकांच्या पाणसळीने घात केला.

मित्रांनो, तुमच्या घरी उद्या कोणी कारागीर आला तर त्याला आदराने वागवा, त्याला पाणी द्या, त्याच्या श्रमांची चेष्टा करू नका. परंतु तो भराव ठोकत असेल तेव्हा जवळ उभे राहा. तो म्हणाला की तुम्ही आपले काम बघा, तरीही उभे राहा. कोणी तुम्हाला पाणसळ दाखवली तर केवळ बुडबुडा पाहू नका, त्याचा अंगठाही उचलायला सांगा. आणि तुमच्या हातून कधी चूक झाली, दोरी चुकीच्या उंबरठ्याला बांधली गेली, तर ती त्याच दिवशी सोडा. चार दिवस वाया जातील. जाऊ द्यावेत. मुक्या साक्षीदाराच्या टोकाखाली खपली ठेवू नका, कारण त्याला स्वतःहून ती काढता येत नाही.

मिस्त्रीकाकांवर माझा राग आहे का, असे तुम्ही विचाराल. मला नीट सांगता येत नाही. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज अकरा दिवस मी ऐकला आहे. पण तो पट्टा सपाट आहे का, हे मला अजून कोणी विचारलेले नाही. मी खिळ्यावर उभी टांगलेली आहे. उभ्या पाणसळीचा बुडबुडा नळीच्या टोकाला चिकटून राहतो आणि कशाचीच साक्ष देत नाही. माझी एवढीच विनंती आहे, की कोणीतरी मला खाली उतरवावे, पुसले नाही तरी चालेल, त्या पट्ट्यावर ठेवावे, आणि हात काढून घ्यावा.